ओटीपी दिला, पण फोन वाजत नाही

पत्र थोडक्यात असं: नागपूरच्या गांधीबागेत औषधांचा ठोक धंदा. दुकान दुसऱ्या मजल्यावर, मागच्या दोन खोल्यांत गोदाम, सहा माणसं कामाला. सकाळी नऊ ते बारा मेडिकलवाल्यांच्या ऑर्डरी फोनवर येतात आणि ज्या नंबरावर येतात, तो ०७१२चा नंबर सासऱ्यांच्या काळापासूनचा. तांब्याची जुनी लाइन पावसाळ्यात खरखर करायची, म्हणून एका कंपनीचं इंटरनेट, दोन फोन लाइन आणि स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) असं एकत्र पॅकेज घेतलं. एकच कंपनी म्हणजे जबाबदार माणूस एकच, हा त्यामागचा विचार. ‘तीन दिवसांत सगळं होऊन जाईल’ म्हणणारा प्रतिनिधी आता फोन उचलत नाही. पहिल्या दिवशी नेट सुरू झालं, लाइनमनने ओटीपी मागितला, तो दिला. त्यानंतरच्या बावीस दिवसांत आणखी चार लाइनमन येऊन गेले. पहिली लाइन चालते, पण मध्येच तासभर अडकून बसते. दुसरीला टोनच नाही. नेट काउंटरवर पळतं, गोदामात रांगतं. घरून बिलिंगचा कॉम्प्युटर उघडत नाही. बिल मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण पॅकेजचं आलंय. प्रतिनिधीच्या सांगण्यावरून जुनी लाइन बंद करायचा अर्ज दिला होता, ती सहा दिवसांपूर्वी बंद झाली. दीर म्हणतात, काढून टाका हे सगळं, मोबाइलवर धंदा चालतो. ताई विचारतात: कंपनी बदलू, की ग्राहक न्यायालयात जाऊ?

ताई,

दोन्ही प्रश्नांची उत्तरं खाली आहेत, पण त्याआधी एक काम आहे आणि त्याला थांबायला वेळ नाही. जुना नंबर.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. लँडलाइनला ही सोय आपल्या देशात नाही. नवी कंपनी नवाच नंबर देणार, हे सही घेण्याआधी कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं. बंद केलेला नंबर सहसा लगेच दुसऱ्याला देत नाहीत, काही काळ बाजूला ठेवतात. म्हणजे सहा दिवसांत आशा संपलेली नाही. उद्या सकाळी जुन्या कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात स्वतः जा. फोनवर हे काम होत नाही. सोबत शेवटचं बिल, बंद करायच्या अर्जाची पोच, पॅन, जीएसटी आणि गुमास्त्याची प्रत ठेवा. लाइन अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल तर त्यांची सही लागेल; ते हयात नसतील तर वारसाचे कागद. अर्जात दोनच गोष्टी मागा: नंबर त्याच पत्त्यावर पुन्हा चालू करावा, आणि तिथे त्यांचं फायबर असेल तर तोच नंबर फायबरवर द्यावा. कंपनी तीच असेल तर तांब्यावरून फायबरवर जाताना नंबर सहसा कायम ठेवता येतो. मिळाला की सर्वांत स्वस्त प्लॅन घ्या आणि कॉल फॉरवर्डिंग लावून येणारे कॉल नव्या लाइनकडे वळवा. बिलबुकं, शिक्के, दुकानदारांच्या डायऱ्या, गूगलच्या नकाशावरची नोंद हे सगळं बदलायला किमान सहा महिने जातात.

आता ‘एकच कंपनी, एकच जबाबदार माणूस’ याबद्दल. एक येतं ते फक्त बिल. काम तीन हातांत असतं. खांबावरून तुमच्या भिंतीपर्यंत फायबर ओढणारा बहुतेक वेळा कंपनीचा नसतोच. तो त्या भागातल्या केबलवाल्याचा किंवा फ्रँचायझीचा माणूस असतो आणि त्याचं काम फायबर जोडण्यापुरतं. इंटरनेटचं खातं कंपनीच्या सर्व्हरवर दुसरंच कुणी उघडतं. फोनचे नंबर तिसरी टीम टेलिफोनच्या स्विचवर (कंपनीच्या एक्सचेंजवर) चढवते, आणि मागे राहतं ते सहसा हेच काम. स्टॅटिक आयपीची विनंती या तिघांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असते.

यात ओटीपी कुठे बसतो ते पाहा. तुम्हाला वाटलं, तो नेट सुरू झाल्याचा. कंपनीच्या दप्तरी ती पूर्ण पॅकेज मिळाल्याची तुमची सही असते. त्या क्षणी ऑर्डर बंद होते आणि बिल सुरू होतं. पुढची प्रत्येक तक्रार ‘जोडणी अपुरी’ अशी न नोंदता ‘चालू लाइनमध्ये बिघाड’ अशी नोंदली जाते. बिघाड म्हटलं की लाइनमन येतो, फायबरमधला प्रकाश मोजतो, तो बरोबर निघतो, तक्रार बंद. चार वेळा हेच झालेलं दिसतंय. ते लाइनमन आळशी होते असं नाही, त्यांच्या हातात नसलेल्या कामासाठी त्यांना पाठवलं जात होतं.

म्हणून पुढचा फोन करण्याआधी कुठलं दुखणं कुणाचं, ते स्वतः ठरवून घ्या. दुकान उघडण्याआधी अर्ध्या तासाचं काम आहे.

कंपनीने लावलेल्या डब्ब्यावर (लाइनमन त्याला ओएनटी म्हणतात) दिव्यांची रांग असते. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबर ठीक. ‘एलओएस’ लाल म्हणजे प्रकाशच पोचत नाही, आणि लाइनमनची खरी गरज तेव्हाच. पुढे ‘टेल’ किंवा ‘फोन’ लिहिलेले दिवे, प्रत्येक लाइनला एक. दुसऱ्या फोनचा दिवा बंद असेल तर नंबर स्विचवर चढलेला नाही किंवा डब्ब्यात भरलेला नाही. दोन्ही कामं कंपनीच्या आतली. दिवा चालू असेल तर ईपीएबीएक्सकडे (दुकानातल्या फोनांचं छोटं एक्सचेंज) जाणारी वायर काढा आणि साधा टेलिफोन थेट डब्ब्याच्या दुसऱ्या पोर्टात लावा. टोन आला तर दोष तुमच्या आतल्या वायरिंगचा, तिथे ईपीएबीएक्सवाल्याला बोलवा.

हे करताना डब्ब्याला फोनची पोर्टं किती आहेत, तेही मोजा. बऱ्याच डब्ब्यांना एकच असतं. दोन लाइनच्या ऑर्डरवर एक पोर्टाचा डब्बा लावून, त्यातूनच दुहेरी जोड काढून दोन वायरी ईपीएबीएक्सला दिल्या, असं होतं. मग दुसऱ्या लाइनचा प्रश्न सेटिंगचा राहत नाही, डब्बाच बदलावा लागतो.

पहिल्या लाइनचं अडकणं वेगळं आहे आणि बहुधा ते कंपनी आणि ईपीएबीएक्स यांच्या मधलं. जुन्या लाइनवर समोरच्याने फोन ठेवला की एक्सचेंज त्याची खूण पाठवायचं आणि ईपीएबीएक्स ती ओळखून लाइन सोडायचा. डब्ब्यातून येणारी खूण निराळी असते, किंवा डब्बा दुसऱ्याच देशाच्या टोनवर राहिलेला असतो. आपल्याकडे एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. तो ओळखू आला नाही की ईपीएबीएक्सच्या लेखी कॉल चालूच. तुमच्या माणसाने रिसीव्हर ठेवला तर लाइन सुटते. अडकते ती ग्राहकाने होल्डवर असताना किंवा रेकॉर्ड केलेलं स्वागत ऐकता ऐकता कंटाळून फोन ठेवला तर. सकाळच्या गर्दीत हे दोनदा झालं तरी ऑर्डर देणाऱ्यांना दुपारपर्यंत एंगेज. ईपीएबीएक्सच्या तंत्रज्ञाला त्या लाइनवर ‘बिझी टोन डिटेक्शन’ चालू करायला सांगा. कंपनीकडे डब्ब्याच्या फोन पोर्टावर ‘पोलॅरिटी रिव्हर्सल’ची (लाइनचे धन-ऋण उलटवून कॉलची खूण देण्याची) सोय मागा. तोवर होल्डची आणि स्वागताची कमाल मर्यादा दोन मिनिटांवर आणून ठेवा, म्हणजे लाइन अडकली तरी तासभर जाणार नाही.

तंत्रज्ञ आलाच आहे तर आणखी एक गोष्ट करून घ्या. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लागतो. जुन्या लाइनसाठी ईपीएबीएक्समध्ये तो आपोआप लागायची सोय केली असेल, तर नव्या लाइनच्या पोर्टांवर ती पुन्हा करावी लागते.

गोदामातल्या रांगणाऱ्या नेटचा दोष मात्र कंपनीवर टाकू नका, निदान तपासल्याशिवाय. लॅपटॉप वायरने थेट डब्ब्याला जोडा आणि स्पीड मोजा, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी सातनंतर. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर वायरने ९० च्या वर मिळत असेल तर कंपनीने तिचं काम केलंय. (फाइल उतरवताना स्क्रीनवर ‘१२ एमबी’ दिसतं म्हणून भांडू नका. तो मेगाबाइटचा आकडा असतो, आठाने गुणा.) गोदामात अडथळा आहे तो जुन्या इमारतीच्या जाड भिंतींचा आणि लोखंडी रॅकचा. वायफाय लोखंडाला आरपार जात नाही. त्यावर रिपीटर लावायचा मोह होतो. पण रिपीटर आलेला अशक्त सिग्नलच पुढे ढकलतो आणि तेही निम्म्या वेगाने. डब्ब्यापासून गोदामापर्यंत कॅट-६ वायर ओढा आणि तिथे स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट (वायरीवर जोडलेलं वायफायचं यंत्र) लावा. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला वीस-पंचवीस मीटर लागेल. वायरच्या आठही तारा जोडायला सांगा. चारच जोडल्या तर काम चालतं, पण वेग १०० एमबीपीएसच्या पुढे कधी जात नाही. ज्यांचं गोदाम रस्त्यापलीकडे आहे त्यांनी तांब्याची लॅन वायर हवेतून नेऊ नये, वीज पडली तर दोन्हीकडची यंत्रं जातात. तिथे फायबर किंवा गच्चीवरून गच्चीवर वायरलेस जोड घ्यावा.

घरून बिलिंगचा कॉम्प्युटर न उघडण्याचं कारण बहुधा असं की स्टॅटिक आयपी दिलेलाच नाही. डब्ब्याच्या सेटिंगमध्ये ‘वॅन आयपी’ पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुमचं कनेक्शन शेकडो ग्राहकांबरोबर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आहे. बाहेरून आत यायला वाटच नाही, मग राउटरमध्ये कितीही पोर्टं उघडा. ऑर्डरच्या कागदावर स्टॅटिक आयपी लिहिला आहे का ते बघा. प्रतिनिधीच्या तोंडी शब्दाला इथे किंमत नाही. आणि तो मिळाल्यावर बिलिंगचा कॉम्प्युटर किंवा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर उघडा इंटरनेटवर मांडू नका. राउटरवर व्हीपीएन (फक्त तुमच्यासाठीची कुलूपबंद वाट) बसवून त्यातूनच आत या. तशा उघड्या कॉम्प्युटरचा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे लोक दिवसरात्र दारं ठोठावत फिरत असतात.

विजेबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण ते लवकरच कळेल. तांब्याच्या फोनला वीज एक्सचेंजमधून यायची, म्हणून दिवे गेले तरी तो वाजायचा. फायबरवरचा फोन डब्ब्याच्या विजेवर चालतो. लाइट गेली की फोन गेला. डब्बा १२ व्होल्टवर चालतो आणि साधारण १० वॅट खातो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा छोटा डीसी यूपीएस त्याला चार तास सहज पुरवतो. ईपीएबीएक्सला मात्र वेगळा यूपीएस लागेल आणि ॲक्सेस पॉइंटलाही. यातलं एक विसरलं तरी बाकीच्यांचा उपयोग नाही.

ज्यांची जोडणी अजून व्हायची आहे, त्यांच्यासाठी इथेच चार शब्द. लाइनमन येण्याआधी डब्ब्याची जागा ठरवून ठेवा: ईपीएबीएक्सजवळ, प्लग पॉइंटजवळ आणि सावलीत. ही यंत्रं साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनलेली असतात. नागपूरच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत लावलेला डब्बा दुपारी तीनला बंद पडतो आणि रात्री आपोआप ठीक होतो, मग कुणालाच दोष सापडत नाही. तळमजल्यावरच्या दुकानांनी तो छातीच्या उंचीवर लावावा. सप्टेंबर २०२३ मध्ये नाग नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते लोक विसरलेले नाहीत. भिंतीचं छिद्र बाहेरच्या बाजूला उतरतं हवं आणि बाहेर वायरला खाली एक झोळ हवा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता झोळातून गळून पडतं. उरलेली फायबर गुंडाळताना वेटोळं बांगडीपेक्षा लहान नको. हिरव्या टोकाला हिरवंच सॉकेट. हिरवं निळ्यात बसतं, पण प्रकाश वाया जातो. फायबरच्या मोकळ्या टोकात डोळा लावून पाहू नका, तो प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला इजा करू शकतो. जाताना लाइनमनकडून पॉवर मीटरचा (फायबरमधला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा डब्ब्यावर लिहून घ्या. वजा १५ ते वजा २४ डीबीएम चांगला, वजा २७ म्हणजे काठावर. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे वर्षभराने तक्रार आली तर तो पहिला आकडा फार कामाला येतो.

आता कंपनीला काय लिहायचं. फोन करणं सोडा, ईमेल करा. विषयात ऑर्डर क्रमांक आणि ‘जोडणी अपूर्ण, बिघाड नाही’ हे शब्द ठेवा. खाली तुमच्या तपासणीचे निकाल: दुसऱ्या फोनचा दिवा बंद (फोटो सोबत), डब्ब्याला फोन पोर्ट किती, वॅन आयपी अमुक, पहिल्या लाइनवर कॉल संपल्याची खूण येत नाही. मग मागण्या: ऑर्डर पुन्हा उघडावी, सात कामाच्या दिवसांत पूर्ण करावी, न मिळालेल्या सेवांचे पैसे क्रेडिट नोटने परत करावेत. ‘पुढच्या बिलात बघू’ हे तोंडी आश्वासन घेऊ नका. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक आहे का तेही याच वेळी पाहा, नाहीतर १८ टक्के कराचं क्रेडिट हातचं जाईल. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येतं. त्याला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत देणं बंधनकारक आहे. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे लिहिण्यात वेळ घालवू नका. अपीलनंतर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे जाता येतं.

ग्राहक आयोगाचं दार बंद नाही. टेलिकॉम कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तुमची अडचण वेगळी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी हेतूने’ घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही; स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे. सहा माणसांच्या ठोक धंद्याला ती लागू होते की नाही, यावरच पहिल्या काही तारखा जातील. तुमचा फोन त्या तारखांनी वाजणार नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला मात्र काहीच लागत नाही, ती आजच नोंदवा.

मग कंपनी बदलायची का? आत्ता नाही. फायबर आलंय, काउंटरवर चालतंय. उरलेलं काम सेटिंगचं आणि फार तर एका डब्ब्याचं आहे. नव्या कंपनीकडे गेलात तर तेच तीन हात, तोच ओटीपी, शिवाय आणखी दोन नवे नंबर. सात दिवसांची मुदत संपल्यावरही दुसरी लाइन मुकीच राहिली तर पॅकेज फोडा: इंटरनेट यांचंच ठेवा आणि फोन जुन्या कंपनीच्या परत मिळालेल्या नंबरावर चालवा. रद्द करण्याआधी करारातला लॉक-इन (किती काळ सोडता येत नाही ती अट) आणि डब्ब्याच्या अनामतीची ओळ वाचून घ्या. सोबतीला एक ४जी किंवा ५जी सिमचा राउटर हवा. दुसरं फायबर त्याच खांबावरून आलं तर तो आधार नव्हे, सिमेंट रस्त्यासाठी आलेला जेसीबी दोन्ही एकदमच तोडतो.

दिरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. ऑर्डरी हळूहळू व्हॉट्सॲपवर न्यायला हव्यात, फोनवर ऐकलेल्या औषधाच्या नावापेक्षा लिहून आलेलं नाव केव्हाही सुरक्षित. पण मोबाइल नंबर एका माणसाच्या खिशात असतो. तो माणूस सुटीवर गेला किंवा नोकरी सोडून गेला की ऑर्डरी त्याच्याबरोबर जातात. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइनच्या नंबरावरही उघडता येतं, म्हणजे सासऱ्यांचा नंबर परत मिळाला तर त्याच्यावरच. नोंदणी करताना ‘मेसेज’ऐवजी ‘कॉल’ निवडायचं. फोन वाजतो आणि सहा आकड्यांचा कोड ऐकवला जातो. तेवढा वेळ कॉल फॉरवर्डिंग काढा आणि ईपीएबीएक्सचं स्वागत बंद ठेवा, नाहीतर एक मशीन दुसऱ्या मशीनला कोड सांगून मोकळं होईल.